पुढच्या सीटवर मोठ्या बाई

डांबरी रस्ता संपतो तिथे सिमेंटचा एक उतार आहे आणि उतार संपला की नुसती वाळू. टोकावरच्या वस्तीला जायचं तर या वाळूवरूनच जावं लागतं. मागचा डोंगर असा ताठ उभा, की शेळीसुद्धा दोनदा विचार करून पाय टाकते. म्हणून ओहोटी असली की किनारा हाच हमरस्ता, आणि भरती आली की रस्ता बंद. या रस्त्यावर माणसं नेणारी एकच गाडी होती, चारही चाकांना जोर मिळणारी एक जुनी जीप. ती चालवणाऱ्याला सगळे कप्तान म्हणत आणि त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत, अगदी वयाने त्यांच्याहून मोठे असलेलेसुद्धा.

वहिनींचं माहेर समुद्रापासून खूप आत होतं. पाण्याची आणि त्यांची ओळख बादलीपुरती. पोहता येत नव्हतं, होडीत पाय ठेवला की पोटात ढवळायचं, आणि इतकी वर्षं टोकावर संसार करूनही रात्री लाटांचा आवाज वाढला की त्या उठून दाराची कडी तपासायच्या. कप्तान हसायचे. म्हणायचे, "समुद्र काय कडी वाजवून येणार आहे का?"

कप्तानांचा मात्र या वाळूवर हात बसलेला. उताराच्या तोंडाशी गाडी उभी करून ते चारही टायरांतली थोडी थोडी हवा सोडत. टायर पसरट झाले की वाळूवर तरंगतात, टणक असले की सुरीसारखे आत जातात, हे ते प्रत्येक नव्या प्रवाशाला न विचारता सांगत. मग दांडा ओढून पुढच्या चाकांनाही जोर द्यायचा आणि गाडी भिजलेल्या पट्ट्यावर धरायची. वरची कोरडी वाळू भुसभुशीत आणि लाटांच्या काठची खालून पोखरलेली. मधला करडा, कडक पट्टा तोच खरा रस्ता, आणि तो रोज जागा बदलतो. वळायचं तर लांबून वळायचं. थांबायचं तर हळूहळू, वाळूच्या उताराकडे तोंड करून. आणि काही झालं तरी ब्रेकवर उभं राहायचं नाही. ब्रेक दाबला की चाकं स्वतःच्या पुढ्यात वाळूची भिंत रचतात आणि त्याच भिंतीत रुततात.

हे सगळं नीट चाललं होतं, तोवर कप्तानांच्या डोळ्यांनी दगा दिला.

आधी वर्तमानपत्रातली अक्षरं गेली. मग एक दिवस चहाचा कप बशीत ठेवताना त्यांनी तो टेबलाच्या कडेवर ठेवला. डॉक्टरांनी बराच वेळ दिवा मारून पाहिलं आणि सांगितलं, की डोळ्याच्या मागचा पडदा झिजलाय. कडेचं दिसत राहील, मधलं जात राहील, याला औषध नाही. गाडी चालवणं आजपासून बंद.

बाहेर येऊन दोघं बाकावर बसले. कप्तान म्हणाले, "किनाऱ्यावर आहे कोण धडकायला? ना सिग्नल, ना समोरून गाडी. वाळू तेवढी बघायची. ती तू बघ."

वहिनींनी त्याच वेळी नाही म्हणायला हवं होतं. पण जीप थांबली तर घर थांबणार होतं, आणि त्याहीपेक्षा, कप्तान म्हणून ज्याला सगळा किनारा ओळखतो त्याला दारात खुर्ची टाकून बसलेला पाहणं त्यांना सोसणार नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणून त्या उठल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या पुढच्या सीटवर बसू लागल्या. घरी एकटीला करमत नाही, असं सगळ्यांना सांगितलं.

त्यांची पद्धत अशी होती. वहिनींचा उजवा हात कप्तानांच्या डाव्या कोपरावर. बोटाने दाबलं की गाडी वरच्या अंगाला घ्यायची, बाही ओढली की पाण्याच्या अंगाला, आणि तळवा सपाट टेकवला की वेग कमी. तोंडाने अवाक्षर नाही. मागे बसलेल्यांना वाटायचं, काय प्रेम आहे! पाववाला तर दर खेपेला म्हणायचा, "वहिनी, सोडा की हात. कुठे पळून जाणार आहेत ते? पुढे पाणी, मागे डोंगर!"

सगळे हसायचे. वहिनीही हसायच्या, आणि हसताना नजर काचेवरून हलवायच्या नाहीत. खेप संपली की त्यांच्या मानेला रग लागलेली असायची. मागे दहा-बारा जिवंत माणसं आहेत, आणि आपण एका बोटावर ती तोलतो आहोत, या विचाराने त्यांना जेवण जायचं नाही. अंगणात गाडी धुवायची तर ती मागे घ्यायचं कामही त्यांच्याकडेच आलं होतं, कारण कप्तानांनी दोनदा पाण्याची टाकी ठोकली होती. कुंपणाच्या आत, मागच्या मागे, एवढंच काय ते त्यांचं गाडी चालवणं.

त्या दिवशी सकाळी बाजाराला जाताना वाळू वेगळीच दिसत होती. आदल्या रात्री समुद्र खवळला होता. डोंगरातून येणारा ओढा एरवी खाली पसरून, घोट्याएवढा होऊन समुद्राला मिळायचा आणि गाडी तिथूनच जायची. आज त्याने पात्र बदललं होतं. खालच्या अंगाला वाळू चिरून गुडघाभर उंचीची सरळ पायरी पाडली होती. वहिनींनी बोटाने दाबून दाबून गाडी पार वर, डोंगराच्या अंगाने नेली आणि तिथून ओढा ओलांडला. उतरल्यावर त्यांनी कप्तानांना सगळं समजावलं. कप्तानांनी मान डोलावली. "परतताना आठवण करून दे," एवढंच म्हणाले.

परतीच्या वेळी जीपजवळ मोठ्या बाई उभ्या होत्या. टोकावरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. पायाला मांडीपर्यंत प्लास्टर, काखेत कुबड्या. दवाखान्याने त्यांना दुपार कलेपर्यंत ताटकळत ठेवलं होतं आणि त्यांच्यासाठी गाडीही थांबली होती. बरोबर पाववाला, त्याची पिठाची पोती आणि तान्हं मूल घेतलेली त्याची सून.

"मी पुढे बसते," मोठ्या बाई म्हणाल्या. "मागच्या बाकावर हा पाय काही मावायचा नाही."

वहिनी घाईने म्हणाल्या, "पुढे... पुढे ऊन लागेल तुम्हाला."

"वहिनी, पाय मोडलाय माझा, मेणाची बाहुली नाही मी."

पाववाल्याने तोवर त्यांना उचलून पुढे बसवलंसुद्धा. वहिनी कप्तानांना बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "आज नको. भरती लागलीय. उद्या सकाळच्या ओहोटीला निघू."

"काय सांगायचं त्यांना? का नको?"

पाववाला पुढच्या दारातून कुबड्या आत सरकवत होता, तिकडे वहिनी बघू लागल्या.

"अजून बरीच वाळू उघडी आहे," कप्तान म्हणाले. "तू माझ्या पाठीशी बस. खांद्यावर हात ठेव. होईल."

"अहो, मला मागून दिसणार नाही."

"होईल गं."

हे दुसरं 'होईल' त्यांनी जरा मोठ्याने म्हटलं, आणि त्यात किती भीती आहे ते फक्त वहिनींना ऐकू आलं.

उताराखाली हवा सोडून गाडी वाळूवर उतरली. मागचे बाक गाडीच्या दोन्ही कडांना, समोरासमोर होते. वहिनी मान वळवून दोन सीटांच्या फटीतून पुढे बघू लागल्या, तर त्या फटीतच कुबड्या उभ्या केलेल्या. दोन कुबड्यांच्या मधून काचेची एक हातभर पट्टी दिसत होती. तिच्यात कधी आभाळ यायचं, कधी वाळू, कधी मोठ्या बाईंचा अंबाडा. डाव्या बाजूला समुद्र होता, आणि सकाळपेक्षा तो पुष्कळ जवळ आला होता.

त्यांनी कप्तानांच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा दगडासारखा झाला होता.

"पाहिलंत का मोठ्या बाई," पाववाला म्हणाला, "सीट गेली तरी हात नाही गेला. आमची बायको तर घरातसुद्धा मला सांगते, जरा लांब बसा, पिठाचा वास येतो."

सून पदराआड हसली. मोठ्या बाईंनी मागे वळून पाहिलं. "वहिनी, नीट धरून बसा हो त्या दांड्याला. पडाल. आणि चालवणाऱ्याला असं मागून धरू नये. मुलांना आम्ही हेच शिकवतो ना, चालकाशी बोलू नये, त्याला हात लावू नये."

"हो हो," वहिनी म्हणाल्या, आणि हात तसाच ठेवला.

पहिला टप्पा कप्तानांनी निव्वळ सवयीने काढला. इंजिनाचा आवाज जड झाला की ते ओळखायचे, वाळू मऊ लागली, आणि गाडी पाण्याच्या अंगाला घ्यायचे. चाकांखाली शिंतोड्यांचा आवाज आला की वरच्या अंगाला. वहिनींना क्षणभर वाटलं, खरंच होईल. मग वारा पडला. डोंगराचा कोपरा आडवा आला की वारा पडतो, आणि वारा पडला की ओढा आला, हे कप्तानांनाही ठाऊक होतं. पण त्यांना ठाऊक असलेला ओढा कालचा होता.

वहिनींनी खांदा दाबला. वर घ्या. गाडी थोडी वळली. त्यांनी आणखी जोरात दाबलं.

"अहो वहिनी!" मोठ्या बाई आता खरोखर चिडल्या. "काय चाललंय हे? हात काढा आधी. भरती येतेय, त्यांना त्यांचं काम करू द्या."

सगळे वहिनींकडे बघत होते. पाववालाही या वेळी हसला नाही. वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि त्यांनी हात काढला. किती वेळ? एखादा घोट गिळायला लागतो तेवढा. तेवढ्यात गाडी सवयीने परत खाली वळली, कुबड्यांमधल्या पट्टीत वाळू एकदम संपली आणि पलीकडे तपकिरी पाणी दिसलं.

"थांबा!" वहिनी किंचाळल्या.

आणि जे उभ्या जन्मात केलं नव्हतं ते कप्तानांनी केलं. घाबरून ब्रेकवर उभे राहिले.

जीप पायरीच्या अलीकडे हातभर थांबली. पुढची चाकं वाळूत चांगलीच घुसली. कप्तानांनी मागचा गिअर टाकून जोर दिला. चाकं जागच्या जागी फिरली, वाळूचा फवारा उडाला, आणि गाडी नाक खुपसून आणखी खाली बसली.

"दिसलं नाही का तुम्हाला?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"दिसलं हो," कप्तान म्हणाले. "वाळू मऊ निघाली."

ओढ्याच्या पाण्याची दिशा बदलली होती. ते आता समुद्राकडे जात नव्हतं, समुद्राकडून येत होतं.

मग धांदल उडाली. पाववाल्याने पोती खाली टाकून गाडी हलकी केली. वहिनींनी फावडं घेऊन चाकांमागची वाळू उपसली, टायरांतली आणखी हवा सोडली, गाडीखाली बांधलेल्या दोन फळ्या सोडून मागच्या चाकांना लावल्या. सून मूल छातीशी धरून जरा वर जाऊन उभी राहिली. मोठ्या बाई आतच होत्या. या भुसभुशीत वाळूत कुबडी हातभर आत जात होती आणि कोरडी जागा दूर होती. पाय खाली सोडला तर प्लास्टरचा चिखल होणार, आणि पाण्यात त्यांना उचलून कुणाला किती नेता येणार होतं?

"आपल्याच चाकोरीवरून मागे या!" पाववाला मागे उभा राहून हातवारे करू लागला. "सरळ! सरळ या! आता उजवीकडे... अहो उजवीकडे! हा हात दिसत नाही का?"

गाडी फळ्यांवर चढली, चाकोरीही धरली, आणि मग हळूहळू तिरकी होत पाण्याच्या अंगाला सरकली. एक फळी कडकन मोडली. मागचं चाक कडेच्या मऊ वाळूत उतरलं आणि तिथेच बसलं. एक लाट आली, चाकाला शिवून, फेस ठेवून गेली.

मूल रडायला लागलं. पाववाल्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "कप्तान," तो म्हणाला, "तुम्ही असं कसं... मी ढळढळीत समोर उभा होतो की!"

"पुन्हा एकदा," कप्तान म्हणाले. त्यांनी परत मागचा गिअर टाकला. "आत्ता जमेल."

वहिनी फावडं धरून उभ्या होत्या. पुढची लाट त्यांच्या घोट्यांना लागली आणि पायाखालची वाळू ओढून घेऊन गेली. त्यांना वाटलं, आपणही अशाच निघून जाऊ. त्यांनी गाडीत पाहिलं. मोठ्या बाई दोन्ही हातांनी आपला मोडका पाय धरून बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ पांढरे पडले होते. जिला सगळी शाळा घाबरते, ती बाई लाटेकडे बघत होती, जशा वहिनी रोज बघायच्या तशी.

वहिनींनी चालकाचं दार उघडलं.

"उतरा."

"अगं..."

"उतरा तुम्ही. तुम्हाला दिसत नाही."

त्या हे हळू म्हणाल्या नाहीत. हळू म्हणायला आता वेळ नव्हता. पाववाल्याचा हात हवेतच राहिला. कप्तान कुणाकडेही न बघता खाली उतरले आणि गाडीच्या कडेला हात लावून उभे राहिले.

वहिनींनी आणि पाववाल्याने मिळून पुन्हा वाळू उपसली. उरलेली फळी आणि पायाखालची चटई चाकामागे कोंबली. वहिनी आत बसल्या. पाय क्लचवर ठेवला.

"जोर देऊ नकोस," खिडकीबाहेरून कप्तान म्हणाले. "आवाज वाढला की पाय उचल. चाक फिरू द्यायचं नाही, फक्त सरकू द्यायचं. मागे चाकोरी दिसतेय?"

"दिसतेय."

"तिच्यातून बाहेर जाऊ नकोस. अंगणात आणतेस तशी आण. आणि वर कडक जागा लागेपर्यंत काही झालं तरी थांबू नकोस. मी ओरडलो तरी."

मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही कधी चालवलीय का?"

"अंगणात," वहिनी म्हणाल्या आणि क्लच सोडला.

गाडीने धक्का खाल्ला, फळीवर चढली, थबकली. आता बसणार, वहिनींना वाटलं. कप्तान आणि पाववाला नाकाला खांदा लावून ढकलत होते. लाटेचं पाणी त्यांच्या गुडघ्यांत आलं होतं. मग मागच्या चाकांनी काहीतरी पकडलं. गाडी इंच इंच, रांगत, आपल्याच चाकोरीवरून मागे जाऊ लागली. मान मागे वळवून वहिनी फक्त त्या दोन रेघांकडे बघत होत्या. खांबासारखे उभे दोन पुरुष गाडीच्या पुढे पाण्यातच राहिले, लहान झाले, तरी त्या थांबल्या नाहीत. वाळू करडी झाली, आवाज हलका झाला, तेव्हा कुठे त्यांनी गाडी वाळूच्या उताराकडे तोंड करून अलगद उभी केली.

दोघं धावत आले. सून मात्र जवळ येऊन थबकली. तिने आधी कप्तानांकडे पाहिलं, मग वहिनींकडे. "मी चालत येते," ती म्हणाली.

"ओढा चालत ओलांडता येणार नाही मुलाला घेऊन," वहिनी म्हणाल्या. "आणि मागे बाजाराकडे फिरायचं तर कोपऱ्यावर पाणी डोंगराला टेकलंय. बस बाई. मलाही भीती वाटतेय."

सून बसली. सासऱ्याचा हात घट्ट धरून बसली. पिठाची पोती खाली तरंगायला लागली होती. त्यांच्याकडे पाववाल्याने एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

वहिनींनी गाडी डोंगराच्या अंगाने ओढ्यापर्यंत आणली आणि उतरल्या. अनोळखी पाणी आधी पायांनी बघावं लागतं, मग चाकांनी. कप्तान ते नेहमी स्वतः करायचे. आज साडी खोचून वहिनी पाण्यात शिरल्या. थंडगार पाणी पोटऱ्यांना, मग गुडघ्यांना. तळ दिसत नव्हता. प्रत्येक पावलाला वाटत होतं, पुढचं पाऊल रिकाम्यात पडणार. पलीकडे पोचल्या, आणि तिथून परत यायचं म्हणजे पुन्हा तेच पाणी. एकदा त्यांनी कासावीस होऊन डोंगराकडे पाहिलं. मग परत फिरल्या.

गाडी ओढ्यात उतरली. पाणी दारांच्या फटीतून आत आलं आणि गेलं.

पलीकडच्या वाळूवर लागल्यावर मोठ्या बाईंना वाचा फुटली. समोर बघतच त्या म्हणाल्या, "माझ्या शाळेची मुलं तुम्ही सहलीला नेली होतीत. याच गाडीतून."

"हो."

"त्यांच्या याच डोळ्यांनी?"

"हो," वहिनी म्हणाल्या. त्यांना आणखी काहीतरी म्हणायचं होतं, म्हणजे मी प्रत्येक क्षणी बघत होते, एकदाही पापणी लवू दिली नाही, असं काही. पण ती मुलं एकेक करून त्यांच्या डोळ्यांसमोर आली, खिडकीबाहेर हात काढून ओरडणारी. आजवरची सगळी भीती एकीकडे आणि ही एकीकडे. ही भीती होऊन गेलेल्या दिवसांची होती आणि तिच्यातून सुटका नव्हती.

मागच्या बाकावर कप्तान बसले होते. आपल्याच गाडीत मागे बसायची त्यांची ही पहिली वेळ. त्यांनी विचारलं, "पाणी कुठवर आलंय?"

कुणाला विचारलं ते कळलं नाही. पाववाल्याने घसा खाकरला. "डाव्या हाताला," तो म्हणाला. "आहे अजून. दोन गाड्या जातील एवढी वाळू आहे."

"हं."

"आता जरा कमी झाली."

"हं."

असं तो टोक येईपर्यंत सांगत राहिला.

वस्तीच्या चढावर माणसं जमली होती. एवढा उशीर म्हणून काळजीने आलेली. उद्या सकाळच्या खेपेला जाणारेही आपलं सामान आणून ठेवायला आले होते, पेट्या, बोचकी, एक बांधलेली खुर्ची. गाडी चढून आली आणि चालकाच्या जागी वहिनी दिसल्या तसा एकजण ओरडला, "अरे वा! कप्तानांना बढती मिळाली वाटतं! साहेब मागे बसलेत!"

हशा पिकला. मोठ्या बाईंनी बोलायला तोंड उघडलं. वहिनी म्हणाल्या, "थांबा. मी सांगते."

पण कप्तान आधीच खाली उतरले होते. आवाजाच्या रोखाने ते वळले, आणि नेमके त्या माणसाच्या जरा बाजूला बघत म्हणाले, "मला दिसत नाही. बरेच महिने झाले. आज या सगळ्यांना मी बुडवत होतो."

हशा एकदम थांबला नाही. पुढच्यांचा आधी, मागच्यांचा नंतर, असा विरत गेला. मोठ्या बाईंना दोघांनी उचलून खाली घेतलं. सून मूल घेऊन मागे न बघता घराकडे निघाली. वहिनी स्टिअरिंग धरून तशाच बसून होत्या. बोटं सोडावीत असं त्या मनाशी म्हणत होत्या आणि बोटं सुटत नव्हती.

ज्यांनी उद्यासाठी सामान आणलं होतं ते एकेक करून पुढे आले, आणि आपापलं बोचकं उचलून परत घरी घेऊन गेले.